पांडाजमध्ये नमुन्याच्या ओळी छापताना सगळे स्तंभ कसे दाखवावेत

नवी मुंबईतील पाणीमीटरांच्या नोंदींची, 28 स्तंभांची एक सारणी पांडाजमध्ये (सारण्या हाताळण्याची पायथनची लायब्ररी) ‘डीएफ’ या नावाने वाचून घेतली आहे, असे समजा. तिच्यात सेक्टर चौथ्या स्तंभात आणि नोड (वाशी, नेरूळ असा शहराचा विभाग) बाराव्या स्तंभात आहे. ज्युपिटरमध्ये (ब्राउझरमध्ये पायथन चालवण्याची वही) यादृच्छिक पाच ओळी काढणारी ‘डीएफ.सॅम्पल(5)’ ही आज्ञा चालवल्यास पहिले दहा आणि शेवटचे दहा स्तंभ दिसतात, मधल्या आठांच्या जागी तीन टिंबे येतात आणि नोड नेमका त्यांतच गडप होतो. सेक्टर 10 वाशीतही आहे आणि नेरूळमध्येही. त्यामुळे नोड दिसत नसताना ती ओळ कुठल्या मीटरची, हे कळतच नाही. नमुना तपासणीसाठी काढायचा असेल, तर तो पूर्णच पाहिला पाहिजे.

ज्युपिटरमध्ये स्तंभांची मूळ मर्यादा 20 असते, तर टर्मिनलमध्ये खिडकीच्या रुंदीत मावतील तेवढेच स्तंभ दाखवले जातात. पांडाज ‘पीडी’ या नावाने आयात केल्यावर पुढील ओळ ही मर्यादा काढून टाकते (आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत, टंकताना त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्यात):

पीडी.सेट_ऑप्शन('डिस्प्ले.मॅक्स_कॉलम्स', नन)

मात्र एवढ्यावर थांबू नये. ‘प्रिंट’ने छापलेल्या मजकुराची रुंदी मुळात 80 अक्षरांची धरलेली असते, म्हणून सगळे स्तंभ आले तरी सारणीचे तुकडे पडून ते एकाखाली एक छापले जातात आणि तुटलेल्या ठिकाणी शीर्षकाच्या ओळीअखेर उलटी तिरकी रेघ दिसते. त्यासाठी ‘डिस्प्ले.विड्थ’ 250 किंवा त्याहून अधिक ठेवावी. पत्त्यासारखा लांब मजकूर 50 अक्षरांच्या मर्यादेत कापला जातो. तो पूर्ण हवा असल्यास ‘डिस्प्ले.मॅक्स_कॉलविड्थ’लाही ‘नन’ द्यावे.

हे बदल पायथनचे ते सत्र संपेपर्यंत टिकतात. एकदाच छापायचे असेल, तर मला पुढील मार्ग अधिक स्वच्छ वाटतो, कारण त्यानंतर मूळ मर्यादा आपोआप पूर्ववत होतात:

विथ पीडी.ऑप्शन_कॉन्टेक्स्ट('डिस्प्ले.मॅक्स_कॉलम्स', नन, 'डिस्प्ले.विड्थ', 250):
    प्रिंट(डीएफ.सॅम्पल(5, रँडम_स्टेट=7))

येथील ‘रँडम_स्टेट’मुळे, सारणी तीच असेल तर, दर वेळी त्याच पाच ओळी निवडल्या जातात. सहकाऱ्याला ‘तिसऱ्या ओळीतला नोड पाहा’ असे सांगायचे असेल, तर हे आवश्यकच आहे.

‘प्रिंट(डीएफ.सॅम्पल(5).टू_स्ट्रिंग())’ ही आज्ञा कोणतीही मर्यादा न बदलता सर्व स्तंभ छापते, फक्त ती लाखो ओळींच्या अख्ख्या सारणीवर चालवू नये, कारण ती ओळीही सगळ्याच छापते.

स्तंभ फार असतील, तर सारणी आडवी वाचण्यापेक्षा ‘डीएफ.सॅम्पल(5).टी’ असे लिहून उभी करावी. प्रत्येक स्तंभाचे नाव डावीकडे आणि पाच नोंदींची मूल्ये त्यासमोर येतात, त्यामुळे रिकाम्या जागा चटकन लक्षात येतात. स्तंभ 60 पेक्षा जास्त असल्यास ते आता ओळी झालेले असल्याने ‘डिस्प्ले.मॅक्स_रोज’ची मर्यादा लागू होते. तीही ‘नन’ करावी.

कोपरखैरणे, घणसोली अशी नावे देवनागरीत असतील, तर टर्मिनलमध्ये रकाने किंचित सरकलेले दिसतात, कारण पांडाज काना-मात्राही स्वतंत्र अक्षर म्हणून मोजते. अशा वेळी ज्युपिटरमध्ये ‘प्रिंट’ऐवजी ‘डिस्प्ले(...)’ वापरावे, तेथे खरी सारणी आखली जाते आणि रकाने सरळ राहतात.