करंज बांधावर, मूग-तूर रानात

बायोडिझेलच्या आशेने पोटाचं पीक हलवू नका. मोगली एरंडाच्या (जट्रोफा, हेही बायोडिझेलसाठीच लावलेलं झुडूप) वेळी कितीतरी जणांनी अख्खं रान गुंतवलं आणि हाती फारसं काही लागलं नाही. करंजाच्या बियांच्या तेलापासूनही बायोडिझेल होतं, पण करंज लावायचा तर बांधावर, दोन झाडांत 5 मीटर सोडून. फळ धरायला 4 ते 7 वर्षं जातात. तोवर आणि नंतरही आत मूग, उडीद, तूर-ज्वारी नेहमीसारखी घ्या. पाला कडू, त्यामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत. बांधालगतचं पीक सावलीत येतं, म्हणून शेंगा उतरवल्या की खालच्या फांद्या छाटा.

खरी काळजी बियांची. उन्हाळ्यात शेंगा तपकिरी, लाकडासारख्या टणक झाल्या की झोडपून कडक वाळवा, मग ठेचून बी काढा. ओलं बी पोत्यात भरलं तर तेलाची आम्लता वाढते. बायोडिझेल करताना अशा तेलात कॉस्टिक सोडा टाकला की इंधनाऐवजी साबणाचा फेसाळ गोळा होतो.

तेल काढून उरलेली पेंड गुरांना अजिबात घालू नका. तिच्यात नत्र साधारण 4 टक्के असतं. ती खत म्हणून त्याच ज्वारीला द्या.