पहिला करार आणि पहिली आखाजी : व्यावसायिक फुटबॉलमध्ये पाऊल टाकताना या चुका टाळा

भुसावळच्या मैदानावर मी गेली 22 वर्षे मुलांना फुटबॉल शिकवतो. या काळात आमच्याकडून मुंबई, पुणे, गोवा आणि कोलकात्याला चाचणीसाठी गेलेल्या ज्या मुलांना क्लबांनी ठेवून घेतले, त्यांची पहिली दोन-तीन वर्षे मी जवळून पाहिली आहेत. खेळ कमी पडला म्हणून परत आलेली मुले आहेतच. परंतु खेळ पुरेसा असूनही कागदावरच्या किंवा सुट्टीतल्या चुकीमुळे परत आलेली मुले त्यांच्याहून जास्त आहेत, आणि त्या चुका दरवर्षी त्याच असतात.

त्यांतली सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे न वाचता केलेली सही. काही वर्षांपूर्वी रावेर तालुक्यातल्या एका केळीउत्पादकाचा सतरा वर्षांचा मुलगा, उंचापुरा आणि डोके शांत असलेला बचावपटू, एका मध्यस्थाच्या ओळखीने परराज्यातल्या एका क्लबमध्ये दाखल झाला. मध्यस्थाने ‘नोंदणीचा खर्च’ म्हणून 80 हजार रुपये आधीच घेतले होते आणि ते वडिलांनी बागेवर व्यापाऱ्याकडून उचल घेऊन दिले होते. एका हॉटेलच्या खोलीत चौदा पानांचा इंग्रजी करार पुढे आला, संध्याकाळची गाडी पकडायची होती, आणि बापलेकांनी दाखवलेल्या जागी सह्या केल्या. कराराची प्रत त्यांना मिळाली नाही आणि त्यांनी ती मागितलीही नाही. दोन महिने पगार आला, पुढचे तीन महिने आला नाही, तेव्हा मुलगा कोणाला काही न सांगता पिशवी भरून घरी निघून आला. पुढच्या हंगामात दुसऱ्या क्लबने त्याला बोलावले, तेव्हा कळले की त्याचा करार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत तीन वर्षांसाठी नोंदलेला आहे आणि आणखी दोन वर्षे वाढवण्याचा हक्क क्लबने स्वतःकडे ठेवला आहे. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्याजवळ पुरावा म्हणून मोबाइलमध्ये शेवटच्या पानाचा एक फोटो होता, आणि त्या फोटोच्या कोपऱ्यात पान दाबून धरलेला वडिलांचा अंगठा दिसत होता.

या प्रकरणात नियम मुलाच्या बाजूने होता, हे मला आजही सलते. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमांप्रमाणे 18 वर्षांखालील खेळाडूला तीन वर्षांहून अधिक मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही आणि त्याहून लांब मुदतीचे कलम मान्यच केले जात नाही. क्लबने दोन महिन्यांचा पगार थकवला, तर खेळाडूने थकबाकीची लेखी सूचना द्यावी, क्लबला किमान 15 दिवसांची मुदत द्यावी, आणि तरीही पैसे आले नाहीत तर रास्त कारणाने करार संपवावा, अशी तरतूद आहे. त्याने एक पत्र किंवा एक ई-मेल पाठवला असता, तर तो मोकळा झाला असता. तो गुपचूप निघून आला, त्यामुळे क्लबने उलट त्यालाच पळून गेलेला ठरवले. महासंघाच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे, म्हणजे खेळाडू आणि क्लब यांच्यातले वाद ऐकणाऱ्या समितीकडे, दाद मागता येते हे आम्हाला कळेपर्यंत आणि वकिलामार्फत प्रकरण मिटेपर्यंत दीड वर्ष गेले. सतरा ते एकोणीस या वयातले दीड वर्ष बचावपटूला परत मिळत नाही.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. करार हाती आला की मी मुलाला शंभरपानी वही देतो आणि संपूर्ण करार स्वतःच्या हाताने मराठीत उतरवून काढायला सांगतो. वडील किंवा आई शेजारी बसलेली असते. मुदत किती, पगार कोणत्या तारखेला, दुखापत झाल्यास शस्त्रक्रियेचा आणि पुनर्वसनाचा खर्च कोणाचा, राहण्याजेवणाची सोय पगाराव्यतिरिक्त की पगारातून, मुदत वाढवण्याचा अधिकार कोणाला, बाहेरचे सामने खेळण्यावर कोणती बंदी, या सहा गोष्टी त्याला वही न पाहता सांगता आल्या पाहिजेत. या कामाला दोन संध्याकाळी लागतात. जो क्लब किंवा जो मध्यस्थ दोन संध्याकाळ थांबायला तयार नाही, तेथे मी मुलाला पाठवत नाही, मग क्लबचे नाव कितीही मोठे असो. सज्ञान नसलेल्या मुलाच्या करारावर पालकाची सही लागते, म्हणून पालकांनी ती सही म्हणजे आपली स्वतःची जबाबदारी समजावी.

मध्यस्थांविषयी एवढेच सांगतो की 2023 पासून फिफाने एजंटांसाठी परवाना आणि परीक्षा सक्तीची केली आहे आणि परवानाधारकांची नावे फिफाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. खऱ्या एजंटला त्याचा मोबदला खेळाडूच्या कमाईतून मिळतो. चाचणीच्या आधी पैसे मागणारा माणूस एजंट नसतो, त्याच्याजवळ कितीही मोठ्या खेळाडूंसोबतचे फोटो असले तरी.

वयाच्या बाबतीत आपल्या भागात दोन निराळ्या गोष्टी घडतात आणि त्यांची गल्लत करू नये. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या अनेक मुलांची शाळेतली जन्मतारीख 1 जून असते, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. सातपुड्यातली ही मुले चढउतारावर धावत वाढलेली, दमसासाला चिवट, आणि कागदाच्या गोंधळामुळे ती मागे पडतात याचे मला फार वाईट वाटते. यांच्या पालकांनी मुलगा दहा-बारा वर्षांचा असतानाच जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरचे नाव आणि तारीख एक करून घ्यावी. जन्माची नोंद एक वर्षानंतर करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यामुळे हे काम चाचणीच्या आठवड्यात होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जाणूनबुजून कमी केलेले वय, आणि ती मी माझ्या मैदानावर खपवून घेत नाही. फिफाने 2009 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाच्या एमआरआयने वय तपासायला सुरुवात केली, त्यामुळे वरच्या पातळीवर ही लबाडी उघडी पडतेच; पण पकडले न गेलेल्या मुलाचे नुकसान अधिक होते. दोन वर्षे मोठ्या अंगाच्या जोरावर तो लहान मुलांना ढकलून पुढे जातो, चेंडू येण्याआधी मान वळवून पाहायला शिकत नाही, कमकुवत पायाने पास द्यायला शिकत नाही, आणि एकोणिसाव्या वर्षी सगळ्यांची अंगे सारखी झाली की त्याच्याजवळ काहीच उरत नाही.

काही चुका एका वाक्यात संपतात. चाचणीला कोरे बूट घालून जाऊ नका. किमान तीन आठवडे वापरलेले, पायाला बसलेले बूट न्या. मी फक्त स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल करणारा खेळाडू, आहे असे प्रशिक्षकाला सांगू नका. उजव्या बाजूला बॅक, म्हणजे बचावपटू, म्हणून उतरवले तर तेथे खेळा. बारावीची परीक्षा सोडू नका. जिममधल्या ओळखीच्या माणसाने दिलेली पावडर क्लबच्या डॉक्टरांना न दाखवता घेऊ नका, कारण उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्यावर डब्यात काय होते ते माहीत नव्हते, हे कारण तुम्हाला वाचवत नाही. गुडघा किंवा घोटा दुखत असताना वेदनाशामक गोळी घेऊन सरावाला जाऊ नका.

आता त्या चुकीकडे येतो, जिच्याविषयी मी दर एप्रिलमध्ये बोलतो आणि तरीही दर मे महिन्यात कोणीतरी करतोच. हंगाम संपतो, मुलगा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी येतो, बहिणी माहेरी आलेल्या असतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस असतो, आणि नेमकी तेव्हाच गावोगावी सात-सात जणांच्या स्पर्धा भरतात. क्लबमध्ये खेळणारा मुलगा गावात आहे म्हटल्यावर मंडळाची पोरे सकाळीच दारात येऊन उभी राहतात. नकार देणे अवघड असते, हे मी जाणतो. ज्या गावाने वर्गणी काढून पहिले बूट घेऊन दिले, त्या गावाला नाही म्हणायला सोळा-अठरा वर्षांच्या मुलाची जीभ रेटत नाही.

पारोळा तालुक्यातला आमचा एक विंगर (मैदानाच्या कडेने चढाई करणारा खेळाडू), भुसावळला मामाकडे राहून शिकलेला, पहिल्या हंगामानंतर असाच घरी गेला. मी त्याला फोनवर नको म्हणालो होतो. तो अहिराणीत म्हणाला, “सर, एकच मॅच शे.” अंतिम सामन्याला पाहुणा म्हणून मलाच बोलावले होते आणि मी गेलो, ही माझी चूक मी मान्य करतो, मी तेथे उठून सामना थांबवायला हवा होता. शाळेमागचे मैदान काळ्या मातीचे होते. आपली काळी माती मे महिन्यात कशी होते ते शेतकऱ्याला सांगायला नको: वरून दगडासारखी टणक, आणि मध्ये दोन-दोन बोटे रुंद भेगा. सकाळी त्या भेगांत माती भरून वरून पाणी मारले होते, पण 44 अंशांच्या उन्हात दुपारपर्यंत ती माती खाली बसली होती. दुसऱ्या सत्रात त्याने डाव्या बाजूने चेंडू घेतला, आत वळण्यासाठी डावा पाय रोवला, आणि बुटाचा पुढचा भाग भेगेत गेला. पाय जागेवर राहिला आणि अंग फिरले. कोणीही त्याला स्पर्श केलेला नव्हता. तो पडला नाही, हळूच खाली बसला, आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून माझ्याकडे पाहू लागला.

त्यानंतर एकावर एक चुका झाल्या. रात्री गावातल्या हाड बसवणाऱ्याने तेल लावून सुजलेला गुडघा चोळला. मुलाने क्लबला कळवले नाही. सूज उतरली, चालता येऊ लागले, म्हणून बरे झाले असे त्याने ठरवले. पूर्वतयारीच्या शिबिरात फिजिओने पहिल्याच तपासणीत गुडघा सैल असल्याचे ओळखले आणि एमआरआयमध्ये आतला मुख्य लिगामेंट, ज्याला खेळाडू एसीएल म्हणतात, तो पूर्ण तुटलेला निघाला. करारात लेखी परवानगीशिवाय बाहेरचा सामना खेळण्यास मनाई होती, त्यामुळे शस्त्रक्रियेचा खर्च क्लबने नाकारला, आणि तो नाकारण्याचा त्यांना हक्क होता. या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने तरी लागतात. वडिलांनी कपाशीचे पैसे त्यात घातले. मुलगा पुन्हा खेळू लागला, पण त्याची जागा तोपर्यंत दुसऱ्याची झाली होती.

तेव्हापासून हंगाम संपवून येणारा प्रत्येक मुलगा स्टेशनवरून आधी मैदानावर येतो आणि स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले, फुटबॉलचे बूट माझ्या कपाटात ठेवतो. किल्ली माझ्याजवळ असते. गावी जाताना त्याच्या पिशवीत फक्त धावण्याचे साधे बूट असतात. सकाळी साडेपाचला, ऊन चढण्याआधी, आठवड्यातून चार दिवस धावायचे आणि घरी आल्यावर मीठ घातलेले ताक प्यायचे, एवढाच सुट्टीतला कार्यक्रम. मंडळवाले आले की मुलाने माझे नाव सांगावे आणि राग माझ्यावर येऊ द्यावा. काही गावे माझ्यावर नाराज आहेत, आणि ती नाराजी मला मान्य आहे.

शेवटची चूक बाकावर बसण्याविषयीची आहे. पहिल्या हंगामात सामने कमी मिळतात, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरी फोन येतो की क्लब बदलतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषक खेळला, मग आमचा मुलगा बाहेर का, असे पालक मला विचारतात. त्यांना मी भारताचे अनेक वर्षे कर्णधारपद सांभाळलेल्या सुनील छेत्रीची दुसरी बाजू सांगतो. तो 2002 मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान क्लबमध्ये गेला आणि भारताकडून पहिला सामना खेळायला 2005 उजाडले. पुढे 2010 मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला, तेथेही फारशी संधी मिळाली नाही, आणि तरी तो परतून वर्षानुवर्षे खेळत राहिला. शिवाय फिफाच्या नियमांनुसार खेळाडूला एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांत नोंदणी करता येते आणि अधिकृत सामने सर्वसाधारणपणे दोनच क्लबांकडून खेळता येतात, त्यामुळे रागाच्या भरात केलेला बदल पुढचे दार बंद करू शकतो. असा फोन आला की मी मुलाला करार उतरवलेल्या त्याच वहीची मागची पाने उघडायला सांगतो: सराव सामन्यात किती मिनिटे मिळाली, कोणत्या जागी खेळवले, प्रशिक्षकाने कोणत्या चुकीसाठी थांबवले, हे रोज रात्री लिहायचे. सहा आठवड्यांनी ती पाने मला फोनवर वाचून दाखवायची, आणि क्लब बदलण्याचा विषय त्यानंतर काढायचा.