जुनी माउंटन बाईक घेताय? या चुका टाळा

दिवाळी झाली, जरा थंडी पडली की नागपूरकरांच्या अंगात सायकल शिरते. पहाटे फुटाळा तलावावर गर्दी होते आणि मला फोन सुरू होतात. "काका, जुनी एमटीबी घेतली, जरा बघून द्या ना." घेतली! घ्यायच्या आधी कोणी विचारत नाही. मी काही मिस्त्री नाही. स्वतःसाठी आणि ओळखीच्यांसाठी वीसेक जुन्या सायकली घेतल्या आणि त्यात दोन-तीनदा चांगलाच फसलो, एवढंच माझं शिक्षण.

गिअर मोजायचे आणि चेन बघायचीच नाही

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती गिअरची आहे?" 21 असोत की 24, काय फरक पडतो? चेन किती खाल्ली गेली ते विचारा. विचारू नका, मोजा.

सात वर्षांपूर्वी मनीषनगरात एका गृहस्थांकडून मी 11 हजारांना सायकल घेतली. रात्री साडेआठची वेळ, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या. गिअर लोण्यासारखे पडत होते. मालक म्हणाले, "फक्त ऑफिसला न्यायचो हो, डोंगरात कधी घातलीच नाही." मला ते ऐकून बरं वाटलं, आणि तिथंच गफलत झाली. नागपूर सपाट. ऑफिसला जाणारा माणूस चार-चार वर्षं एकाच गिअरवर सायकल हाकतो, त्यामुळे मागची तेवढीच एक चकती झिजते. दुसऱ्या दिवशी सकाळी सेमिनरी हिल्सच्या चढावर पेडलवर उभा राहिलो आणि चेन खाडकन सटकली. गुडघा हँडलवर आपटला. मागून येणारा दूधवाला म्हणाला, "संभाल के, काका!"

त्यावर माझी हुशारी अशी, की पैसे वाचवायला फक्त चेन बदलली. मग ती आधीपेक्षा जास्त सटकायला लागली. चेन झिजते तशी तिच्या पिनांमधलं अंतर वाढत जातं आणि चकतीचे दातेही त्याच मापाने झिजतात. जुनं जुन्यावर कसंबसं चालतं. नवीन चेनच्या पिना मात्र बरोबर अर्ध्या-अर्ध्या इंचावर असतात, त्या झिजलेल्या दात्यांवर बसत नाहीत. मग मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा अख्खा संच बदलला, मग पुढची मधली चकतीही. साडेचार हजार गेले.

तेव्हापासून माझ्या पिशवीत बारा इंची स्टीलची पट्टी असते. चेन मोजायचं वेगळं साधनही मिळतं, पण मला पट्टी पुरते. चेन ताणलेली ठेवायची आणि एका पिनेच्या मध्यावर शून्य धरायचं. बारावा इंच बरोबर पिनेच्या मध्यावर आला तर चेन चांगली. पिन दीड मिलीमीटर पुढे गेली असेल तर चेन बदलावी लागेल. तीन मिलीमीटर गेली असेल तर बहुतेक कॅसेटही, आणि तो खर्च किमतीतून वजा करून बोला. चक्कर मारायची ती चढावर, जड गिअर टाकून, सगळ्या चकत्यांवर. पार्किंगमधल्या चकरेला मी चक्कर मानत नाही.

"26 ची आहे ना, मग झालं"

नाही झालं. 26, 27.5, 29 हे चाकाचं माप. तुमच्या अंगाला लागतं ते फ्रेमचं माप: 15, 17, 19 इंच असं काहीतरी, किंवा एस, एम, एल. माझ्या भाच्याची उंची पाच फूट चार इंच. पोरानं 19 इंची फ्रेम उचलून आणली, कारण काय तर "मोठी दिसते, मामा." सीट पार खाली घातली तरी हँडल जवळ थोडंच येणार? महिन्याभरात मान आणि मनगटं धरली, सायकल गॅलरीत गेली. आता तिच्यावर टॉवेल वाळतात. बाकी सगळं बदलता येतं, फ्रेम नाही. दांडा दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहा. जांघ आणि दांडा यांच्यामध्ये दोनेक इंच जागा राहिली नाही तर भाव कितीही पडला तरी परत या.

बाकीचं थोडक्यात.

धुवून, पुसून, टायरला पॉलिश मारलेल्या सायकलीवर माझा विश्वास नाही. धूळ बसलेली खरं सांगते.

मुख्य नळी हँडलखाली जिथं जोडली आहे तिथं नख फिरवा. रंग सुरकुतलेला किंवा केसाएवढी भेग दिसली तर विषय संपला. "वेल्डिंग मारून घेऊ" म्हणणाऱ्यांनी अॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या नादी लागू नये.

मागून बघा, गिअरचा हात सरळ खाली लोंबतो की चाकाच्या तारांकडे झुकतो? झुकत असेल तर हँगर, म्हणजे तो हात फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, वाकलाय. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ केलेला असतो, पण जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा वेगळा. मिळतो का ते आधी शोधा.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. खटखट वाजलं तर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) किंवा शॉकअप ढिला. शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे नकोत.

दोन्ही शॉकअपवाली स्वस्त सायकल? नकोच. वजन ओढत बसाल.

टायरची नक्षी मधोमध घासलेली आणि कडेला कोरी असेल तर घाबरू नका, ती आपल्या सिमेंट रोडची कृपा. कडेला भेगा असतील तर मात्र सायकलीनं दोन उन्हाळे गच्चीवर काढलेत. टायर-ट्यूबचे पैसे कापा.

सायकल उलटी करून, पेडलचे दांडे फ्रेमला जिथं जोडतात तिथं खालच्या बाजूचा फ्रेम नंबर वाचा. घासलेला असेल तर हात लावू नका. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणं हा गुन्हाच आहे. सायकल बघायच्या आधी टोकन म्हणून एक रुपयाही पाठवू नका, समोरचा "बदली झाली, घाईत आहे" म्हणाला तर अजिबातच नाही.

परवा रात्री नऊ वाजता एका पोराचा बेसा भागातून फोन. "काका, हे म्हणतात आत्ताच पैसे द्या, दुसरं गिऱ्हाईक येऊन रायलं." मी म्हटलं, "येऊ दे त्याला, घेऊ दे. तू उद्या उजेडात जा." पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, "काका, पाठवून दिले ना मी पैसे."

रविवारी घेऊन येतो म्हणाला. पट्टी काढून ठेवली आहे.