‘ना या कुतोआ’: नैरोबीत टेलिकॉमच्या नोकरीवर येणाऱ्यांसाठी

घरकामाला येणाऱ्या बाईंना पहिला पगार तुम्ही फोनवरून पाठवायला घ्याल, तेव्हा त्या दारात उभ्या राहून हळूच म्हणतील, “ना या कुतोआ.” म्हणजे, काढायचेही घाला. एम-पेसा ही इथल्या सफारीकॉम या मोबाइल कंपनीची फोनवरून पैसे पाठवायची सेवा. तिच्यावरून पैसे पाठवताना पाठवणाऱ्याला शुल्क पडतं आणि आलेले पैसे दुकानातून रोख काढताना घेणाऱ्याला पुन्हा पडतं. ते दुसरं शुल्क आपण वर घालून द्यायचं, अशी इथली रीत आहे. नव्या माणसाला वाटतं, ही बाई ठरल्यापेक्षा जास्त मागतेय. तसं मुळीच नाही. तुम्ही ते घातलं नाहीत तर तिच्या ठरलेल्या पगारातून तेवढे पैसे कमी होतात. एवढं पहिल्याच महिन्यात लक्षात ठेवा.

आपली मंडळी इथे उतरली की आठवडाभरात म्हणायला लागतात, “अजून पैसे पाठवायला पैसे घेतात? डेटा एवढा महाग?” पुण्या-मुंबईत टपरीवर कोड स्कॅन करून फुकटात चहाचे पैसे देणाऱ्याला असं वाटणारच. पण माझी कळकळीची विनंती आहे, पहिले दोन महिने मत बनवू नका. मी बनवलं होतं आणि ते चुकलं.

मी २०१० साली आलो. एअरटेलने झेन या मोबाइल कंपनीचा आफ्रिकेतल्या पंधरा देशांतला कारभार १०.७ अब्ज डॉलरला घेतला, तेच हे वर्ष. त्या लाटेबरोबर भारतातून बरेच इंजिनिअर, विक्रीवाले, कंत्राटदार इथे आले. मी टॉवरची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत होतो. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात भारतातलं गणित पक्कं होतं: दर पाडा, लोक जास्त बोलतील, गिऱ्हाईक आपोआप येईल. त्याच वर्षी केनियात दरयुद्ध पेटलं आणि कॉलचा दर मिनिटाला ३ शिलिंगांपर्यंत खाली आला. लोकांनी काय केलं? स्वस्त सिम घेतलं, त्यावरून भरपूर बोलले आणि सफारीकॉमचं जुनं सिम फोनच्या दुसऱ्या कप्प्यात तसंच ठेवलं. कारण त्या सिमवर त्यांचे पैसे होते. माझ्या मते इथला सगळा धंदा या एका गोष्टीत आहे. तुमच्या कचेरीत दर, कव्हरेज, ग्राहकसंख्या यांवर तासन्‌तास चर्चा होतील. त्या ऐका, पण हे विसरू नका.

एम-पेसा मार्च २००७ मध्ये सुरू झालं. मूळ प्रयोग होता छोट्या कर्जाचे हप्ते फोनवरून भरता यावेत म्हणून. लोकांनी मात्र ते एकमेकांना पैसे पाठवायला वापरलं. मग ‘पैसे घरी पाठवा’ याच हाकेवर ती सेवा बाजारात उतरली. शहरात कमवायचं आणि गावी आईला पाठवायचं. कोकणात मनीऑर्डरची वाट बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. भारतात व्होडाफोनने हेच एम-पेसा २०१३ मध्ये आणलं होतं, पण ते टिकलं नाही. तिकडे यूपीआय बँकखात्यांवर उभं राहिलं. इथे बँक लांब होती आणि दुका जवळ होतं.

दुका म्हणजे आपलं दुकानच. पेसा म्हणजे पैसा, हेसाबू म्हणजे हिशेब, गारी म्हणजे गाडी. स्वाहिली शिकायला घाबरू नका, अर्धी ओळख आधीच झालेली आहे.

आता एक काम करा. एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी न्गारा किंवा पार्कलँड्समधल्या एखाद्या एम-पेसाच्या टपरीसमोर अर्धा तास उभे राहा. हिरवा रंग, जाळीची खिडकी, आत एक मुलगी, तिच्यासमोर एक साधा फोन. मी आलो तेव्हा तिच्यापुढे कोपरे दुमडलेली एक वहीही असे. ओळखपत्राचा नंबर, रक्कम, सही, सगळं त्या वहीत. मध्येच ती मान हलवते: “फ्लोट नाही.” फ्लोट म्हणजे तिच्या फोनमधली शिल्लक. लोक दिवसभर रोख भरत राहिले की फोनमधली शिल्लक संपते आणि काढत राहिले की गल्ल्यातली रोकड संपते. या दोन बाजू दिवसभर सारख्या ठेवणं हे तिचं खरं काम. नेटवर्कचे आकडे कितीही चांगले असले तरी त्या खिडकीत फ्लोट नसेल, तर गिऱ्हाईकाच्या दृष्टीने सेवा बंदच. मी नव्या मुलांना पहिल्यांदा इथेच आणतो.

फोनही नीट बघा. टॉर्चवाल्या साध्या फोनला इथे ‘मुलिका म्विझी’ म्हणतात, म्हणजे चोरावर उजेड पाड. स्मार्टफोन असलेले लोकसुद्धा असा एक फोन जवळ ठेवतात, कारण त्याची बॅटरी कित्येक दिवस चालते. बॅलन्स संपला की ‘ओकोआ जहाजी’, म्हणजे जहाज वाचवा. कंपनी उसना बॅलन्स देते. त्याच वाटेने पुढे २०१९ मध्ये ‘फुलिझा’ आलं: खात्यात कमी पडतील तेवढे पैसे उधार, त्यावर शुल्क. ही सोय आहे खरी, पण रोजच्या भाजीलासुद्धा उधारी करणारी माणसं मी बघतो आणि मला त्याची काळजी वाटते. तुम्ही अशा सेवांवर काम करणार असाल, तर आकड्यांमागची ती माणसं डोळ्यांपुढे ठेवा.

तुमच्यापुरतं थोडं. सिम रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेऊ नका. पासपोर्ट घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहिलं गेलंय ना ते तिथेच बघा. पिन कोणालाही सांगायचा नाही, ग्राहकसेवेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही. “चुकून तुमच्या नंबरवर पैसे आले, परत पाठवा” असा फोन आला तर आधी स्वतःची शिल्लक तपासा; पैसे आल्याचा मेसेज बहुतेक वेळा बनावट असतो.

पैसे पाठवण्याआधी आता समोरच्याचं नाव दिसतं. मी आलो तेव्हा दिसत नसे. दुसऱ्याच महिन्यात भाड्याचे पैसे पाठवताना माझा एक आकडा चुकला आणि काय करावं ते विचारेपर्यंत घेणाऱ्याने रक्कम काढूनही नेली. महिनाभर फार ओढाताण झाली. तुमचं असं झालं तर एम-पेसाचा तोच मेसेज तत्काळ ४५६ वर पुढे पाठवा. पैसे अजून खात्यात असतील तर परत मिळण्याची आशा असते.

आणि सिममधला एम-पेसाचा साधा मेनू जुनाट म्हणून टाकून देऊ नका. मे २०२४ मध्ये समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि नैरोबीतलं इंटरनेट पार मंदावलं. आमच्या घरात सगळे ॲप गोल गोल फिरत बसले होते. खाली भाजीवाल्या बाईंकडे सुकुमा विकीची जुडी घेतली, फळीवर रंगवलेला त्यांचा टिल नंबर, म्हणजे दुकानदाराचा पैसे घ्यायचा नंबर, त्या मेनूत टाकला. त्याला इंटरनेट लागतच नाही. जुडी पिशवीत पडेपर्यंत त्यांच्या फोनवर मेसेज वाजला होता.