पाहुण्यांचं वायफाय: वेग कसा वाटावा, वेळ कशी बांधावी

इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. गल्लीत एकानं जरी नळाला सरळ मोटर लावली तरी शेवटच्या घरात बादली भरत नाही. आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत वायफायचं नेमकं हेच चाललं होतं. खुर्च्या ३६, फायबरची लाइन १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट), आणि तरी संध्याकाळी सातनंतर रोज एकच ओरड: "काका, नेट चालत नाहीये."

इथे येणारी बरीचशी मुलं बऱ्हाणपूर, मुलताई, पांढुर्ण्याकडची. राज्यसेवेची, बँकेची तयारी करतात. एका रात्री एका मुलीची ऑनलाइन सराव परीक्षा मध्येच तुटली आणि ती रडकुंडीला आली. राउटरच्या पानावर कोण किती ओढतंय ते पाहिलं, तर सगळ्यात वर नाव होतं एका मुलाच्या फोनचं. तो मुलगा मान खाली घालून छापील पुस्तक वाचत होता. चार्जरला लावलेला त्याचा फोन मात्र भावाच्या लग्नाचे व्हिडिओ आपणहून क्लाउडवर चढवत होता. आमच्या लाइनचा अपलोड २० चाच. तो एका फोननं भरून टाकला होता. मुलाला याचा पत्ताही नव्हता, त्यामुळे त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. नळाला तोटी बसवायची राहिली होती, ते काम आमचं होतं.

अभ्यासिका, भाड्याच्या खोल्या, मंगल कार्यालय, दवाखान्यातली बसायची खोली, कुठेही हीच अडचण येते. आम्ही ज्या क्रमानं ती सोडवली, तोच क्रम पुढे देत आहे.

आधी मोजा

प्लॅनवर लिहिलेला आकडा धरून चालू नका. लॅपटॉप केबलनं राउटरला जोडा आणि सकाळी, दुपारी, रात्री आठला असं तीन वेळा मोजा. आमच्याकडे रात्रीचा आकडा ९२ आला. हिशेब रात्रीच्याच आकड्यावर करायचा, कारण गर्दी तेव्हाच असते.

इथे एक घोळ नेहमी होतो. लाइनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचं वजन मेगाबाइटमध्ये असतं. ८ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० च्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. हे मुलांनाही एकदा समजावून सांगा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मग एक मोठी फाइल डाउनलोडला लावा आणि त्याच वेळी पिंग बघा, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते. एरवी २० मिलिसेकंद असलेला पिंग २००-३०० वर गेला, तर राउटरपुढे किंवा कंपनीच्या यंत्रापुढे डेटाची रांग लागते आहे. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो तो बहुतेक या रांगेमुळे. तुमच्या राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएसची, म्हणजे ही रांग सांभाळण्याची, सोय असेल तर एकूण मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. थोडा वेग हातचा जातो, पण रांग तुमच्या राउटरच्या ताब्यात येते आणि तो ती नीट सांभाळतो. आम्ही ९२ चे ८५ केले आणि अपलोड १८ वर बांधला.

पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं काढा

आता बहुतेक घरगुती राउटरमध्येही गेस्ट नेटवर्क असतं. त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. पाहुण्यांना स्थानिक नेटवर्क दिसू देणारा पर्याय बंद ठेवा. क्लायंट आयसोलेशन किंवा एपी आयसोलेशन असेल तर ते चालू करा, म्हणजे एका पाहुण्याच्या फोनला दुसऱ्याचा फोन दिसणार नाही. ऑफिसचा संगणक, प्रिंटर, कॅमेरे हे सगळं मूळ नेटवर्कवर राहू द्या. राउटरच्या सेटिंगचा पासवर्डही आजच बदला. कारखान्यातून आलेला पासवर्ड यंत्राच्या खालच्या चिठ्ठीवर असतो आणि ती चिठ्ठी कुणीही वाचू शकतं.

माणशी किती?

खरा निर्णय हाच आहे. नुसती एकूण मर्यादा घालून भागत नाही. पाहुण्यांना मिळून ७० दिले तरी त्या ७० मध्ये एकच जण मोटर लावून बसू शकतो. म्हणून मर्यादा दोन लागतात: सगळ्यांची मिळून एक आणि माणशी एक.

आमचा हिशेब असा होता. ८५ पैकी १५ ऑफिससाठी, तिथून मुलांचे परीक्षेचे फॉर्म भरले जातात. उरले ७०. यूट्यूबवर ७२० च्या दर्जाला साधारण अडीच एमबीपीएस लागतात, १०८० ला ५, फोर-के ला २०. म्हणजे चौघांनी फोर-के लावलं तर ८० संपले. तासिका ऐकायला, फळ्यावरची अक्षरं वाचायला ७२० पुरेसं आहे. म्हणून माणशी डाउनलोड ४ ठेवला. व्हिडिओचा दर्जा 'ऑटो'वर असेल तर वेग कमी पडला की तो स्वतःच एक पायरी खाली येतो, थांबत नाही. सत्तर भागिले चार, म्हणजे सतरा जण एकाच क्षणी पूर्ण वेगानं ओढू शकतात. ३६ पैकी एका वेळी खरोखर ओढणारे तेवढेही नसतात. अपलोड माणशी २, कारण ऑनलाइन मुलाखतीच्या सरावात कॅमेरा चालू ठेवावा लागतो.

४ हा आकडा ऐकून मुलं आधी नाराज झाली. त्यांना सरळ सांगितलं: ५०० मेगाबाइटची फाइल उतरायला सतरा मिनिटं लागतील, पण ती रोज सतरा मिनिटंच लागतील, मग हॉल भरलेला असो की रिकामा. पहिल्या आठवड्यानंतर कुणी विषय काढला नाही.

ही मर्यादा घालायची कुठे, ते राउटरवर अवलंबून आहे. आसुसच्या बऱ्याच राउटरांत गेस्ट नेटवर्कच्या पानावरच बँडविड्थ लिमिटर असतो, पण तो त्या नेटवर्कची एकूण मर्यादा घालतो. माणशी मर्यादा हवी असेल तर मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांतला हॉटस्पॉट, म्हणजे लॉगिन करून नेट देण्याची सोय, उत्तम. त्यात यूजर प्रोफाइलमध्ये रेट-लिमिट, म्हणजे वेगाची मर्यादा, भरतात, आणि दोन ठिकाणी फसायला होतं. एक, पहिला आकडा राउटरच्या बाजूनं 'येणारा' असतो, म्हणजे तो मुलांचा अपलोड, दुसरा डाउनलोड. हे उलटं भरलं की सगळे दोनवर अडकतात आणि कारण सापडत नाही. दुसरं, फायरवॉलमध्ये फास्टट्रॅकचा (डेटाला जवळच्या वाटेनं सोडण्याचा) नियम चालू असेल तर त्यातून जाणारा डेटा सिंपल क्यूला, म्हणजे वेग बांधणाऱ्या रांगेला, न शिवता निघून जातो. मर्यादा लिहिलेली दिसते आणि लागू मात्र होत नाही. तो नियम पाहुण्यांच्या आयपी पत्त्यांसाठी बंद करा.

वेळ बांधताना

वेळेची मर्यादा म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी, आणि त्यांची सरमिसळ होते.

पहिली, नेटवर्क किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद. दुसरी, एकदा लॉगिन केल्यावर सलग किती वेळ. तिसरी, काहीच हालचाल नसेल तर किती वेळानं बाहेर काढायचं. चौथी, दिवसभरात किंवा एका कुपनावर मिळून किती तास.

पहिलीत आमची मोठी चूक झाली होती. सकाळी ७ ला सुरू, रात्री १० ला बंद असं वेळापत्रक लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं येऊन बसली तर नेट नाही. दुपारी साडेबाराला ते आपोआप सुरू झालं आणि रात्री दहाला बंदही होईना. तासभर डोकं खाल्ल्यावर लक्षात आलं की राउटरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं, आपल्या साडेपाच तास मागे. तर वेळापत्रक लावण्याआधी टाइम झोन +५:३० करा. आणि एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय, नक्की चालू करा. बऱ्याच छोट्या राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. लाइट जाऊन आली की यंत्र थेट १९७० सालात जागं होतं आणि नेटवरून वेळ मिळेपर्यंत तारीख चुकीचीच असते.

तिसऱ्या प्रकारात घाई करू नका. मुलगा अर्धा तास वहीत गणितं सोडवतो, फोन झोपी जातो, आणि राउटरला वाटतं तो उठून गेला. मायक्रोटिकमध्ये किपअलाइव्ह टाइमआउट (फोन उत्तर देतो का ते पाहण्याची मुदत) सुरुवातीला दोन मिनिटांवरच असतो. झोपलेला फोन उत्तर देत नाही, दोन मिनिटांत बाहेर पडतो आणि दर वेळी पुन्हा लॉगिन मागतो. आम्ही तो बंद करून आयडल टाइमआउट, म्हणजे हालचाल नसताना वाट बघण्याची मुदत, ४५ मिनिटांचा केला. त्रास एका दिवसात थांबला.

चौथ्यासाठी कुपनं चांगली. नाव आणि पासवर्ड छापलेली छोटी चिठ्ठी, तिच्यावर ठरलेले तास, एका वेळी एकच यंत्र. फोनच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे त्याच्या वायफायच्या ओळख-क्रमांकावर, तास मोजायला जाऊ नका. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन आपला खरा पत्ता न दाखवता नेटवर्कगणिक वेगळा बनवलेला पत्ता दाखवतो. तो बदलला की राउटरच्या लेखी तोच मुलगा नवा पाहुणा होतो. कुपन माणसाच्या हातात असतं, फोन बदलला तरी हिशेब बिघडत नाही. परीक्षा जवळ आलेल्यांना आम्ही जास्त तासांचं कुपन देतो. ही मोकळीक हाताशी असावीच.

हवेचीही वाटणी असते

इथवर सगळं करूनही कोपऱ्यातल्या टेबलावर रडगाणं सुरूच होतं. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका क्षणी एकच यंत्र बोलू शकतं. जिन्याजवळ बसलेल्या मुलाच्या फोनला रेंज कमी असते, तो हळू बोलतो, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत बाकीचे थांबतात. त्यानं डेटा थोडाच घेतला तरी वेळ जास्त खाल्ला. माणशी ४ च्या मर्यादेनं हे सुटत नाही.

उपाय जागेवरचा आहे. राउटर ऑफिसच्या कपाटावरून काढून हॉलच्या मधोमध, उंचावर लावा. जवळच्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्झवर जाऊ द्या. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलाच एक ठेवा; हे तिघं एकमेकांत मिसळत नाहीत. आजूबाजूच्या घरांची किती नेटवर्कं कुठल्या चॅनेलवर आहेत ते फोनच्या वायफाय ॲनालायझर ॲपवर दिसतं. हॉल मोठा असेल तर केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारं यंत्र) लावा, आणि त्याला वेगळा चॅनेल द्या.

पत्ते संपतात

ही छोटी गोष्ट आहे, पण जिथे येणारे-जाणारे खूप तिथे हमखास होते. राउटर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता देतो, आणि साध्या राउटरकडे असे जेमतेम अडीचशे पत्ते असतात. एक पत्ता चोवीस तासांसाठी दिला, तर सकाळी दहा मिनिटं येऊन गेलेला पाहुणाही दिवसभर तो अडवून बसतो. डीएचसीपी लीज, म्हणजे पत्ता राखून ठेवण्याची मुदत, पाहुण्यांसाठी दोन तासांवर आणा.

नोंद ठेवा

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्या घरच्या माणसाला फार सोसावं लागलं. तुमच्या लाइनवरून काही झालं तर पहिली विचारणा तुमच्याकडेच होणार. म्हणून बिनपासवर्डाचं नेटवर्क ठेवू नका. कुठलं कुपन कुणाला, किती वाजता दिलं, हे वहीत लिहा आणि राउटरची लॉगिन नोंद जपून ठेवा. कोण कुठली साइट बघतो यात डोकावू नका, ते आपलं काम नव्हे. वायफायचे पैसे घ्यायचे असतील तर घरगुती प्लॅनच्या अटी आधी वाचा. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात छोट्या दुकानदारालाही परवाना शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय देता येतं.

फळ्यावर लिहा

मर्यादा लपवून ठेवल्या की लोकांना नेट खराब वाटतं. आमच्या दाराशी फळा आहे. त्यावर चार ओळी: माणशी वेग ४, वेळ सकाळी ७ ते रात्री १०, फोनचं फोटो-बॅकअप आणि ॲप अपडेट इथे बंद ठेवा, अडचण आली तर ऑफिसात सांगा. शेजारी क्यूआर कोड, म्हणजे पासवर्ड ओरडून सांगावा लागत नाही. पासवर्ड दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो आणि कोडही नवा चिकटवतो.

गणेशोत्सवात याच हॉलमध्ये कार्यक्रम असतात आणि दीड-दोनशे माणसं येतात. त्या दहा दिवसांसाठी तिसरं नेटवर्क काढतो: एकूण मर्यादा २०, माणशी १, तेवढ्यात निरोप आणि फोटो जातात. अभ्यास करणाऱ्या मुलांचे ५० तसेच राखलेले असतात. आरतीचं थेट प्रसारण करणाऱ्याला वायफायवर सोडत नाही, त्याला ऑफिसमधून केबल देतो. त्या नेटवर्कवर शेवटची तारीख आधीच घातलेली असते, त्यामुळे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते बंद झालेलं असतं.