अंगावरचं दूध काढून ठेवताना : फ्रिज, घड्याळ आणि बोंडलं

आधी चितळ्यांच्या पिशवीचे नियम विसरा. पिशवी आली की तापवायची, साय धरू द्यायची, उरलं तर पुन्हा तापवायचं आणि संध्याकाळचं दूध सकाळच्या पातेल्यात ओतायचं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आईच्या दुधाला यातलं काहीच चालत नाही. काढलेलं दूध फुकट जातं ते बहुतेकदा या सवयींपायीच.

दूध काढण्याआधी हात साबणाने 20 सेकंद धुवा. छातीला मात्र दर वेळी साबण नको, कातडी कोरडी पडून भेगा जातात. पंपाचे दुधाला लागणारे सगळे भाग सुटे करून साबणाच्या गरम पाण्यात धुवायचे, पण सिंकमध्ये नाही. त्यांच्यासाठी छोटा टब आणि ब्रश वेगळा ठेवा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर हे भाग दिवसातून एकदा पाण्यात बुडवून 5 मिनिटं उकळा आणि स्वच्छ कापडावर वाऱ्यावर वाळू द्या. ओट्यावरच्या फडक्याने पुसलंत तर उकळण्याची मेहनत वाया. गुरुवारी पाणी बंद असेल तर बुधवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.

पंपातली पांढरी, मऊ, चोचीसारखी झडप अधूनमधून उजेडात धरून पाहा. तिची फट सैल झाली किंवा कडेला चीर गेली की पंपाची ओढ कमी होते. मोटरचा आवाज तोच, दूध मात्र निम्मं. मग घरात ‘दूध आटलं’ अशी चर्चा सुरू होते आणि मेथीचे लाडू वाढतात. आधी झडप बदलून पाहा.

साठवायला घट्ट झाकणाची काचेची बाटली, तळाच्या त्रिकोणात 5 आकडा असलेली प्लास्टिकची बाटली किंवा दुधासाठीच्याच खास पिशव्या घ्या. एका भांड्यात 60 ते 120 मिली पुरे. 200 मिलीची पिशवी वितळवली आणि बाळाने 70 पिऊन मान फिरवली, तर बाकीचं बहुधा ओतूनच द्यावं लागतं. गोठताना दूध फुगतं म्हणून वर इंचभर जागा सोडा. पिशव्या ताटलीत आडव्या ठेवून गोठवल्या तर पातळ वड्या होतात, कमी जागेत मावतात आणि लवकर वितळतात. तारीख आणि वेळ दूध भरण्याआधीच लिहा, ओल्या पिशवीवर शाई धरत नाही.

आता वेळा. ताजं दूध 25 अंशांपर्यंत बाहेर 4 तास टिकतं. डिसेंबरात पुण्यात हे जमेल. एप्रिलच्या दुपारी वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर 25 अंशांवर कुठलं थांबायला! तेव्हा काढलं की थेट फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये 4 अंशांना 4 दिवस. बाटल्या मागच्या बाजूला ठेवा, दारात नको. दार उघडताच गरम हवा पहिल्यांदा तिथेच लागते. उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये 6 महिने उत्तम, फार तर 12. सिंगल डोअर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी मिळेलच असं नाही, तिथे दोन आठवडेच धरा. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर हे हिशेब लावू नका, एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) सिस्टर सांगतील तेच पाळा.

ऑफिसात काढलेलं दूध गोठवलेल्या आइसपॅकसह थर्मल बॅगेत 24 तासांपर्यंत चालतं. पॅक बाटल्यांना चिकटून हवेत. हिंजवडीहून कोथरूडला यायला दोन तास लागले तरी काळजी नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. एचआरला विचारायला लाजू नका.

नुकतं काढलेलं कोमट दूध गार किंवा गोठलेल्या दुधात थेट ओतू नका. जुनं दूध त्याने ऊन होतं. आधी नवं फ्रिजमध्ये गार करा, मग एकत्र करा आणि बाटलीवर जुनी तारीख ठेवा.

वापरताना सगळ्यात जुनी पिशवी आधी. आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये उतरवा. पूर्ण वितळल्यापासून 24 तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. घाईत असाल तर कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवा. गॅसवर उकळू नका आणि मायक्रोवेव्ह तर नकोच. त्यात दूध कुठे गार, कुठे चटका बसेल इतकं गरम होतं, बाहेरून वाडगं मात्र कोमट लागतं. मनगटाच्या आत थेंब टाकून पाहा. वर जमलेला थर साय नव्हे, काढू नका. तो त्या दुधातला स्निग्धांश आहे. बाटली हलकेच गोल फिरवली की मिसळतो. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, पाजा. दोन्ही धुवायला सोपी. कोमट केलेलं दूध 2 तासांत संपवा, बाळाचं उष्टं उरलेलं पाजणं झाल्यापासून 2 तासांत. पुन्हा तापवून ठेवणं नाही.

दुधाला निळसर किंवा पिवळसर छटा असेल तर बिचकू नका. साबणासारखा वास आला तरी ते नासलेलंच असेल असं नाही. लायपेज नावाच्या विकरामुळे काहींच्या दुधाला साठवल्यावर तसा वास येतो आणि बरीच बाळं ते आनंदाने पितात. आंबूस, कुबट वास आला तर मात्र टाका. म्हणून फ्रीजर भरण्याआधी एकच पिशवी आठवडाभर गोठवून, वितळवून, बाळाला देऊन पाहा. पीत नसेल तर पुढचं दूध ताजं असतानाच कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळी येऊ न देता उतरवा, लगेच गार करा आणि मग गोठवा. आधीच वास आलेल्या दुधावर याचा उपयोग नाही. तापवल्याने काही संरक्षक घटक कमी होतात, तेव्हा गरज असेल तरच.

वीज गेली तर फ्रीजर उघडू नका. गच्च भरलेला साधारण 48 तास थंड राहतो, अर्धा भरलेला 24. घरी कोणी नसताना वीज जाऊन आतलं वितळलं होतं का ते कळायला वाटीभर पाणी गोठवून त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर दूध ठीक. तळाशी गेलं असेल तर आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, ते टाकून द्यायचं.