कॅथेटर लावलेल्या आजी-आजोबांना इन्फेक्शन होऊ नये म्हणून काय करायचं

सगळ्यात आधी रोज सकाळी विचारायचं की कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात घातलेली ही नळी, अजून लागतेय का. खरंच, रोज. कारण आत राहिलेल्या प्रत्येक दिवसामागे लघवीत जंतू होण्याचा धोका साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढतो आणि महिनाभरात ते जवळपास सगळ्यांच्याच लघवीत सापडतात. अंथरूण ओलं होतं एवढ्यासाठी कॅथेटर ठेवू नका, ती आपली सोय झाली, त्यांची नाही. लघवी अडत असेल किंवा माकडहाडाजवळचा बेडसोर (पडून राहून झालेली जखम) भिजून बरा होत नसेल तर गोष्ट वेगळी.

आता पिशवी. ती कायम मूत्राशयाच्या खाली पाहिजे पण जमिनीला टेकता कामा नये. बेडच्या फ्रेमला अडकवा, वरखाली होणाऱ्या रेलिंगला नको. घोळ होतो तो व्हीलचेअरवर बसवताना, घाईत पिशवी आजोबांच्या मांडीवर ठेवली जाते आणि नळीत उभी असलेली पिवळी रेघ हळूच मागे सरकते, म्हणजे साठलेली लघवी परत आत गेली. म्हणून हलवायच्या आधी पिशवी रिकामी करा, नळीला पीळ नाही ना बघा, ती मांडीला नीट चिकटवलेली असू द्या म्हणजे ओढ बसत नाही.

दोन तृतीयांश भरली की ओतायची. आधी हात धुवा, नवे ग्लोव्हज घाला, लघवी ओतायचं भांडं प्रत्येकाचं वेगळं ठेवा आणि पिशवीचा नळ भांड्याला लावू नका. ग्लोव्हज काढल्यावर परत हात धुवायचे, हे फार विसरलं जातं. नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडायचा नाही.

रोजची सफाई साबण-पाण्याने पुरते, अँटिसेप्टिक नको. नळी शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसा, पुरुषांची मागे केलेली कातडी आठवणीने पुढे आणा नाहीतर सूज येते.

आणि प्लीज, लघवीला वास येतोय किंवा गढूळ दिसतेय एवढ्यावर तपासणी आणि अँटिबायोटिक सुरू करू नका, जंतू तर असणारच आहेत. ताप, थंडी वाजणं, ओटीपोटात दुखणं, बीपी खाली जाणं, कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज एकदम गोंधळलेली वाटणं, असं काही दिसलं की लगेच डॉक्टरांना कळवा. त्यांनी सॅम्पल मागितलं आणि नळी बरेच दिवसांची असेल तर ती आधी बदलून घ्या, मग नव्या नळीच्या पोर्टमधून (सॅम्पल घ्यायच्या जागेतून) सॅम्पल घ्या, पिशवीतून कधीच नाही.